दोन चमच्यांची तूट

बाजारात तिला तराजूबाई म्हणत. तोंडावर "या मॅडम, बसा ना," आणि पाठ वळली की तराजूबाई. तीस वर्षं ती वजनमापे खात्यात निरीक्षक होती. दुकानात शिरली की आधी नमस्कार, मग पिशवीतल्या लाकडी पेटीतून पितळी वजनं बाहेर. आवाज कधी चढवला नाही. किलोमागे वीस ग्रॅमची तूट निघाली तरी ती हळूच सांगायची, "काटा जप्त करावा लागेल हो, दादा," जणू त्याच्या घरचंच कुणी गेल्याचं सांगते आहे. दुकानदारांची एक खोड तिला पुरती ठाऊक होती. निरीक्षक यायच्या दिवशी खरी वजनं काढायची आणि एरवी खालून पोखरलेली. म्हणून ती सांगून कधी गेली नाही.

तिने लग्न केलं नव्हतं. आईवडील गेल्यावर धाकटा भाऊ हाच तिचा संसार. पन्नाशी उलटली तरी तिच्या तोंडी तो बाळूच. खाली त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, वर तीन खोल्या. त्यांत तो, त्याची बायको आणि ही. मूलबाळ नव्हतं.

बाळूला मधुमेह निघाला, त्याला आता अकरा वर्षं झाली. रिपोर्ट आला त्या संध्याकाळी तिने मनाशी नेम धरला: याची साखर ताळ्यावर येईपर्यंत आपण गोडाला शिवायचं नाही. तिचे नेम असे बरेच होते. पहाटेची प्रार्थना झाल्याशिवाय घोटभर पाणीही नाही. खोटं बोलायचं नाही. कुणाच्या पाठीमागे वाईट बोलायचं नाही; जे बोलायचं ते समोर. हे नेम तिने कधी मिरवले नाहीत, आणि मोडलेही नाहीत.

नेमाच्या जोडीला काटाही आला. ओट्यावर तिने शिक्क्याचा छोटा तराजू मांडला आणि बाळूचा घास न् घास तोलायला सुरुवात केली. भात साठ ग्रॅम. पाव एकच, तोही कडेचा. बाळू हसायचा. "ताई, एक दिवस तू माझ्या पोटावरसुद्धा शिक्का मारशील." भावजय हसायची नाही. स्वयंपाक तिचा होता आणि काटा नणंदेचा. पातेल्यातला भात ताटात पडण्याआधी पारड्यात पडायचा, तेव्हा ती डाव हातात धरून बाजूला उभी राहायची.

संध्याकाळी सहाला बाळूच्या बोटाला सुई टोचून ताई स्वतः साखर बघायची. आकडा बहुतेक वेळा चांगला यायचा. पण दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत रक्त दिलं की सरासरी वाईट निघायची. सहाचा आकडा शहाण्यासारखा आणि तीन महिन्यांचा बेताल, हे तिच्या डोक्यात बसेना. तीस वर्षं ज्या बाईने पोखरलेली वजनं पकडली, तिला वास यायला वेळ लागला नाही. घरात कुणीतरी खोटं माप वापरत होतं.

तिने न सांगता तपासणी सुरू केली. रोज पहाटे, घर जागं व्हायच्या आत, साखरेचा डबा काट्यावर. चहा घरात भावजयच तेवढी गोड प्यायची. दोन कप, कपाला एक चमचा. तेवढी साखर वजा केली तरी रोज दहा ग्रॅम कमी भरत. एखादा दिवस सोडला तर नेमाने दहा ग्रॅम. दोन चमचे.

एकविसाव्या दिवशी तिने डबा आणि काटा जेवणाच्या टेबलावर आणून ठेवले. बाळू डोळ्याला भिंग लावून एक मनगटी घड्याळ उघडून बसला होता. भावजय ताटं घेत होती.

"रोज दहा ग्रॅम," ताई नेहमीच्याच आवाजात म्हणाली. "माझ्या तोंडात जात नाही. तुझ्या चहाची मी धरली आहे. मग उरलेली कुणाच्या पोटात जाते, वहिनी?"

भावजयीने तिच्याकडे पाहिलंच नाही. ती नवऱ्याकडे पाहत राहिली. बराच वेळ.

"तुमच्या भावाला विचारा," ती शेवटी म्हणाली.

बाळूने भिंग काढलं नाही. "ताई, आता जेवायच्या वेळेला कशाला," एवढंच तो म्हणाला, आणि चिमट्यात एक स्क्रू धरून बसला.

"तो तुझी बाजू घेणारच," ताई म्हणाली. "माया आहे त्याची. पण तू त्याला गोड चारतेस ती माया नव्हे. घरात राहून त्याच्या अन्नात विष कालवतेस तू."

भावजयीने ताटं मांडली, वाढलं, आणि स्वतः जेवली नाही. आठ दिवसांनी ती एक बॅग घेऊन निघाली. तिला पोचवायला बाळू दुकानाबाहेर आला नाही. दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणाला.

मग स्वयंपाकही ताईकडे आला आणि काटाही. ती देवाची शपथ घेऊन सांगू शकली असती की आता त्या घरात साखरेचा कण वाकडा जात नव्हता. तरी पुढच्या तीन महिन्यांची सरासरी आणखी चढली. नंतरच्या तीनची त्याहून. ताई म्हणाली, आधी केलेलं नुकसान आहे, निस्तरायला वेळ लागणार. अडीच वर्षं ती हेच म्हणत राहिली. गोळ्या वाढल्या, इन्सुलिन सुरू झालं, वजन वाढलं, बाळूच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. घड्याळाचा स्क्रू चिमट्यातून निसटायला लागला तेव्हा डॉक्टरांनी ऑपरेशनचं काढलं. जठर लहान करायचं आणि आतड्याची वाट बदलून जोडायची.

ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी सकाळी नर्सने आकडा सांगितला, आणि तो ऐकून ताई खुर्चीवरून उठून उभी राहिली. इन्सुलिन बंद होतं, गोळ्या बंद होत्या, आणि साखर ताळ्यावर. अकरा वर्षांत, छे, दहा म्हणू, दहा वर्षांत पहिल्यांदा.

"उपाशी ठेवलंत म्हणून," ती सर्जनबाईंना म्हणाली. "मी काय वेगळं सांगत होते?"

सर्जनबाई तिच्या मुलीच्या वयाच्या शोभल्या असत्या. त्यांना घाई होती, तरी त्या पलंगाच्या कडेला टेकल्या.

"थोडं त्यामुळेही आहे, आजी. नाही म्हणत नाही. पण वजन तर अजून उतरलेलंच नाही, बघा. दुसरं काहीतरी घडतंय." त्यांनी चादरीवर बोटाने रेघ ओढली. "हे यकृत. यातून पित्त येतं. आपण समजतो, ते तेलतूप पचवायला. तेवढंच नाही त्याचं काम. पित्तातली आम्लं आतड्यात खाली पोचली की तिथल्या पेशी जाग्या होतात आणि रक्तात संप्रेरकं सोडतात. ती संप्रेरकं जाऊन स्वादुपिंडाला सांगतात, जेवण आलंय, इन्सुलिन काढ. यांच्यात हा निरोप नीट पोचत नसावा. आता आम्ही वाट बदलली, तर अन्न आणि पित्त दोन्ही लवकर खाली उतरतात. निरोप जोरात जातो."

"म्हणजे खाण्याचा संबंध नाही?"

"आहे ना, संबंध कसा नाही. पण सगळा दोष ताटाचा नसतो. असं बघा. पन्नास ग्रॅम साखर एकाला पाण्यातून प्यायला दिली आणि तेवढीच साखर शिरेतून सोडली, तर शरीर सारखं वागत नाही. तोंडातून गेलेलीला आतडं ओळखतं, आधी वर्दी देतं आणि इन्सुलिन जास्त निघतं. शिरेतून गेली तर ती वर्दीच नाही."

"पन्नास ग्रॅम म्हणजे पन्नास ग्रॅम," ताई म्हणाली.

"काट्यावर," सर्जनबाई म्हणाल्या आणि उठल्या. जाताजाता त्यांनी एक गोष्ट बजावली. "पुढे कधीकधी हा निरोप जरा जास्तच जोरात जातो. जेवून दीड-दोन तासांनी साखर एकदम खाली येते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. तेव्हा लगेच साखर-पाणी द्यायचं, थोडंसंच, आणि मला कळवायचं."

ताईने मान हलवली. पण ती ऐकत होती कुठे? ती देवाचे आभार मानत होती. नेम फळला होता. नेमाच्या बोलीप्रमाणे त्या दिवशी तिने गोड खायला हरकत नव्हती. तिने खाल्लं नाही. तीन महिने बघू म्हणाली, मग सहा बघू म्हणाली. बाळू मात्र बरा होत गेला. भात खायचा, पाव खायचा, वाटीभर का होईना पण न तोलता. काटा ओट्यावरून फळीवर गेला, फळीवरून कपाटात. तो कपाटात ठेवताना तिच्या मनात एकदा भावजयीचं त्या दिवशीचं रिकामं ताट उभं राहिलं. तिने दार लावून घेतलं.

असे चौदा महिने गेले.

त्या दिवशी मंगळवार होता. दुपारी बाळू बऱ्यापैकी जेवला, वर पेलाभर फळांचा रस प्याला आणि दुकानात उतरला. चारच्या सुमाराला खालून काठीने छत ठोकल्याचा आवाज आला. एकदा, मग लागोपाठ तीनदा. ताई जिना उतरली तर तो खुर्चीत तिरका झाला होता. सदरा भिजून अंगाला चिकटला होता, टेबलावरची दोन-चार चाकं खाली सांडली होती, आणि हात असा थरथरत होता की जणू कुणी तो धरून हलवतंय. सुई टोचली. यंत्राने अठ्ठेचाळीस दाखवले. आयुष्यभर आकड्यांवर भरवसा ठेवलेल्या बाईला तो आकडा दोनदा वाचावा लागला.

"डॉक्टरांना बोलावते."

"आधी साखर," तो दातांतून म्हणाला. "अर्धा पेला पाणी. दोन चमचे."

ती धावत वर गेली. डबा काढला, पेला घेतला, आणि खाली त्याच्यासमोर येऊन चमच्याने ढवळू लागली. काच खणखणली. बाळूचे डोळे अर्धे मिटलेले होते.

"उलटा धर," तो पुटपुटला. "दांडीने ढवळ. वर ऐकू जाईल."

"काय?"

"आवाज होतो. ताई वर आहे."

ताईच्या हातातला चमचा थांबला. मग तिने पेला त्याच्या ओठांना लावला, कारण आधी तेच करायचं होतं. तो घोट घोट प्याला. पंधरा मिनिटांनी पुन्हा सुई टोचली. ब्याऐंशी. त्याच्या चेहऱ्यावर रंग आला, त्याने सदऱ्याच्या बाहीने मान पुसली आणि खाली सांडलेली चाकं शोधायला तो वाकू लागला.

"राहू दे ती," ताई म्हणाली. "दांडीने कोण ढवळायचं?"

त्याने एक चाक उचलून टेबलावर ठेवलं.

"बाळू, मी विचारतेय."

"आता जुनं कशाला उकरायचं," तो म्हणाला. मग तिचं तोंड बघून त्याने भिंग हातात घेतलं, ठेवलं, परत घेतलं. "मला दुपारी राहवायचं नाही, ताई. साठ ग्रॅम भातावर माणूस किती वेळ राहील? समोरच्या दुकानातून बिस्किटं आणून खायचो. गिऱ्हाइकांच्या चहाबरोबर. मग सहाला तू बोट धरणार, आकडा चुकणार, तू काही बोलणार नाहीस, पण दोन दिवस जेवणार नाहीस. म्हणून गोळी जास्तीची घ्यायचो. एक, कधी दोन. चारला असंच व्हायचं मग. ती खाली यायची, दोन चमचे घालून द्यायची. रडायची. म्हणायची, ताईंना सांगा, डॉक्टरांना सांगा, अशाने एक दिवस बसल्या जागी राहाल. ती गेल्यावर मग जास्तीच्या बिस्किटांवरच सावरायचो."

"आणि तू?"

"मी तिला शपथ घातली होती."

ताई स्टुलावर बसली. म्हणजे सहाचा आकडा हेच ते निरीक्षक यायच्या दिवशी काढलेलं खरं वजन. एवढी वर्षं ती रोज, अगदी ठरलेल्या वेळेला, सांगून तपासणीला जात होती. आणि दहा ग्रॅमची जी तूट तिने पकडली, त्या दहा ग्रॅमवर तिचा भाऊ जिवंत होता.

"तू समोर बसला होतास," ती म्हणाली. "मी विष म्हणाले तेव्हा."

"तू ऐकलं असतंस?" बाळू म्हणाला, आणि चाकं वेचायला वाकला.

भावजय एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती, एवढं ताईच्या कानावर आलेलं होतं. दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली आणि ती पाणी न पिताच निघाली. तळघरात वाफ कोंदली होती. भिंतीला लागून मोठी यंत्रं घरघरत होती आणि मधल्या लांब टेबलावर पांढऱ्या चादरींचा ढीग. भावजय एकटीच चादर हनुवटीखाली धरून घडी घालत होती. केस पांढरे झाले होते, पण दंड भरलेले दिसत होते. तिने मान वर केली, पाहिलं, आणि चादर काही सोडली नाही.

"या वन्सं. हात रिकामे असतील तर ते टोक धरा. आज जोडीदारीण आलेली नाही."

ताईने टोक धरलं. दोघी मागे सरल्या, चादर ताणली गेली. दोघी पुढे आल्या, टोकं जुळली.

"मला काल कळलं," ताई म्हणाली. "दोन चमच्यांचं."

"हं." भावजयीने घडी ढिगावर ठेवली आणि दुसरी चादर उचलली. "चार वर्षं लागली म्हणायची."

"तू तेव्हा का बोलली नाहीस गं?"

"बोलले असते तर मानलं असतंत?"

ताईला खोटं बोलायचं नव्हतं. पुन्हा मागे सरताना ती म्हणाली, "नसतं मानलं."

"मग झालं तर."

"मी चुकले, वहिनी. मी तुला नको ते बोलले. ते शब्द मला आठवतात."

"मलाही आठवतात. पण खरं सांगू, तुमचा राग नाही राहिला आता. तुमचा तो स्वभावच, आणि कामही आयुष्यभर तेच केलंत. कमी भरलं, पकडलं. तुमचे भाऊ मात्र समोर बसले होते. मी पाच मिनिटं बघत होते त्यांच्याकडे. मला घेरी येते, एवढे तीन शब्द. घड्याळातला केसाएवढा स्क्रू काढता येतो त्यांना, पण हे तीन शब्द काही निघाले नाहीत." ती पुढे आली, ताईच्या हातातली टोकं तिने घेतली. "त्यांनी पाठवलं तुम्हाला?"

"नाही. मीच आले."

"बघा."

यंत्रं थांबली तशी खोली एकदम शांत झाली. ताई म्हणाली, "चल घरी. मी काटा काढून टाकलाय. त्याची साखर आता ताळ्यावर असते."

"ऐकलं मी. पोटातली वाट बदलून दिली म्हणे. बरं झालं, जिवावरचं टळलं." भावजयीने ओल्या हातांनी कपाळ पुसलं. "तोंडातली वाट कोण बदलून देणार, वन्सं? त्याचं ऑपरेशन निघालं की कळवा."

दोघींनी मिळून आणखी नऊ चादरी घडी केल्या. निघताना भावजय दारापर्यंत आली.

"परत झालं तर दोन चमचेच द्या, घाबरून जास्त नको. आणि चमचा सरळ धरा. आता कुणापासून लपवायचंय?"

घरी आली तर बाळू दुकानात वाट बघत होता. ती कुठे गेली होती ते त्याने ओळखलं होतं.

"काय म्हणाली?"

"नाही येणार."

तो जरा वेळ बोटांनी टेबल वाजवत बसला. "तू नीट बोलली नसशील," तो म्हणाला. "तुझं बोलणं म्हणजे पंचनामा. समोरच्याला बोलायची सोयच राहत नाही."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ. तो भिंग पुसत होता. आणि पाहतापाहता तिला कळलं की आपण आत्ता जशा उभ्या आहोत तशीच त्या दिवशी वहिनी उभी होती; हातात ताटं नाहीत एवढाच फरक.

तिने वर जाऊन साखरेचा डबा, पेला आणि चमचा आणला आणि त्याच्या टेबलावर, हत्यारांच्या बाजूला ठेवला. "डॉक्टरांना मी कळवलंय. थोडं थोडं खायचं आणि जेवणावर रस प्यायचा नाही म्हणाल्यात. तरी वाटलं तर स्वतः घ्यायचं. मी सहाला बोट धरणार नाही आजपासून. मला विचारायचं नाही, आणि मला सांगायचंही नाही. डॉक्टरांना तेवढं खरं सांग."

"रागावलीस?"

"नाही," ती म्हणाली, आणि जिना चढता चढता तिला आठवलं की आपला खोटं न बोलण्याचा नेम आहे. ती अर्ध्या जिन्यात थांबली, पण परत खाली गेली नाही.

दोन दिवस नीट गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी ती खिडकीशी जपमाळ घेऊन बसली होती. चार वाजले. खालून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, डब्याचं झाकण निघाल्याचा आला, मग पाणी ओतल्याचा. ती कान देऊन बसली. काचेवर चमचा वाजायची वाट पाहत राहिली. सव्वाचार झाले, साडेचार झाले. काही वाजलं नाही. ती जपमाळ ठेवून जिना उतरली.

बाळू चांगला बसला होता. डोळ्याला भिंग, हातात कुणाचं तरी घड्याळ, हात स्थिर. पेला रिकामा आणि ओला. त्याच्या शेजारी चमचा.

"काही हवंय का, ताई?" त्याने मान वर न करता विचारलं.

"नाही रे," ती म्हणाली. तिने पेला आणि चमचा धुवायला उचलला. चमच्याची वाटी कोरडी होती. दांडी बोटांना चिकटली.